पॉइंट्स कुठे वटतात?

(रौप्यमहोत्सवी वर्षातील गुणवंत विद्यार्थी सत्कार समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना राहून गेलेले काही आकडे येथे घातले आहेत.)



कमिटीने मला सांगितलं की बँकेतल्या नोकरीच्या आठवणी सांगा. पण माझ्या आठवणी तुम्ही गेली पंचवीस वर्षं गच्चीवरच्या कोजागिरीला ऐकत आला आहात. त्या पुन्हा ऐकवल्या तर पुढच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत कोणीतरी माझ्याविरुद्ध ठराव आणेल. म्हणून मी दुसरा विषय घेतला आहे.

गेली काही वर्षं मे-जून आला की लिफ्टमध्ये, खाली बाकावर, अगदी दूध घ्यायला गेलो तरी एक शब्द कानावर पडतो. तो म्हणजे पॉइंट्स. कोणाचा मुलगा आयबीला आहे, कोणाची पुतणी इंग्लंडला शिकते, कोणाची नातवंडं तिकडेच जन्मली आहेत. "काका, तुम्ही बँकेत फॉरेन एक्स्चेंजला होता ना, मग एवढे मार्क म्हणजे तिकडचे किती पॉइंट्स ते सांगा." असं विचारणारे आपल्या तिन्ही विंगमध्ये आहेत. माझी मुलगी इंग्लंडमध्ये असते. तिच्या मुलीच्या प्रवेशाच्या वेळी हा सगळा व्यवहार मला जवळून पाहायला मिळाला. जे कळलं ते आज तुमच्यापुढे मांडतो.

आमच्या वेळी प्रश्नच नव्हता. अकरावीची एस.एस.सी. झाली, ६० टक्के म्हणजे फर्स्ट क्लास, आणि फर्स्ट क्लास म्हणजे चाळीत पेढे. शेजारच्या मावशींना हिशेब समजावून सांगावा लागत नसे. सगळे एकाच बोर्डाचे आणि एकच पेपर दिलेले, त्यामुळे माझे ६२ आणि बंडूचे ५८ यांची तुलना सरळ होती.

गाडी अडते ती वेगवेगळ्या परीक्षांची मुलं एकाच खिडकीशी आली की. आपल्या सोसायटीचंच उदाहरण घ्या. पाण्याचे पैसे आपण नळजोडांच्या हिशेबाने घेतो आणि सर्व्हिस चार्जेस सगळ्या फ्लॅटना सारखे लावतो. लहान फ्लॅटवाल्याला एक अन्यायाचं वाटतं, मोठ्या फ्लॅटवाल्याला दुसरं. यातलं कोणतंही माप आकाशातून पडलेलं नाही. चारचौघांनी बसून नियम केला आणि तो सर्वांनी मानला. परीक्षेच्या पॉइंट्सचंही तसंच आहे.

आता इंग्लंडकडे येतो. तिकडे विद्यापीठांच्या प्रवेशाचे अर्ज एकाच संस्थेमार्फत जातात. तिचं नाव यूकॅस. विद्यापीठांचे अर्ज आणि पॉलिटेक्निकांचे अर्ज पाहणाऱ्या दोन वेगळ्या संस्था १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला एकत्र आल्या आणि ही संस्था झाली. मुलं शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांत साधारण तीन विषय घेऊन ए-लेव्हल करतात. निकाल टक्क्यांत येत नाही, ग्रेडमध्ये येतो. सर्वांत वर ए-स्टार, मग ए, बी, सी, डी आणि ई. या प्रत्येक ग्रेडला यूकॅसने एक आकडा दिला आहे. ए-स्टारला ५६, एला ४८, बीला ४०, सीला ३२, डीला २४ आणि ईला १६. या तक्त्याला ते टॅरिफ म्हणतात. आपण रिक्षात बसल्यावर टॅरिफ कार्ड मागतो, तोच शब्द.

हे आकडे आले कुठून? मला खतावणीची सवय असल्यामुळे मी आधी तेच शोधलं. पद्धत सोपी आहे. प्रत्येक परीक्षेला एक आकारमान दिलेलं आहे, म्हणजे तिचा अभ्यास साधारण किती मोठा आहे ते. पूर्ण ए-लेव्हलचं आकारमान ४. आणि प्रत्येक ग्रेडला एक दर्जा दिलेला आहे. ए-स्टारचा दर्जा १४, एचा १२, बीचा १०. या दोहोंचा गुणाकार करायचा. ४ गुणिले १४ म्हणजे ५६, ४ गुणिले १२ म्हणजे ४८. रक्कम गुणिले दर, दुसरं काही नाही.

यामुळे एक चांगली गोष्ट झाली. तिकडे ए-लेव्हल न करता कामधंद्याशी जोडलेलं शिक्षण घेणारी मुलंही पुष्कळ असतात. त्यातल्या एका परीक्षेचं नाव बीटेक. हे आपलं इंजिनिअरिंगचं बी.टेक. नव्हे, शाळेच्या वयातलाच अभ्यासक्रम आहे. त्यातला मोठा डिप्लोमा तिन्ही डिस्टिंक्शन मिळवून पार केला तर १४४ पॉइंट्स. ए-लेव्हलला तीन ए मिळवले तरी ४८ त्रिक १४४. म्हणजे हातात पाना धरून शिकलेल्या मुलाला आणि पुस्तक धरून शिकलेल्या मुलीला एका ओळीत उभं राहता येतं. आपल्याकडे डिप्लोमा केलेल्या मुलांना इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळतो, त्यामागचा विचार याच जातीचा आहे.

पण या तक्त्याकडे मी बँकवाल्याच्या नजरेने पाहिलं तेव्हा एक गंमत दिसली. ए-लेव्हलच्या एका एला फार पूर्वी १० पॉइंट्स असत. २००२च्या प्रवेशांपासून ते १२० झाले. २०१७च्या प्रवेशांपासून ते ४८ झाले. म्हणजे तीन ए मिळवणाऱ्या मुलीच्या खात्यात आईच्या वेळी ३०, मोठ्या मावसभावाच्या वेळी ३६० आणि तिच्या वेळी १४४ जमा! तिची हुशारी काही घराण्यात कमी-जास्त झालेली नाही. आपल्याकडे आण्यांचे नवे पैसे झाले तेव्हा रुपयात १६ आण्यांऐवजी १०० नवे पैसे आले, म्हणून कोणी श्रीमंत झालं का? म्हणून एखाद्या नातेवाइकाने सांगितलं की "आमच्या वेळी तीनशे पॉइंट्स होते हो", तर घाबरायचं नाही. ते जुन्या नाण्यात बोलत आहेत.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. बँकेत आम्ही नव्या कारकुनाला पहिल्या आठवड्यात एक धडा देत असू. चेकवर आकडा कितीचा आहे ते नंतर पाहा, तो कोणत्या शाखेवर काढलाय आणि तिथे वटतोय का ते आधी पाहा. पॉइंट्सनाही हेच लागू पडतं. यूकॅसने तक्ता केला, पण प्रवेश यूकॅस देत नाही. प्रवेश विद्यापीठ देतं आणि अट प्रत्येक विद्यापीठाची, प्रत्येक अभ्यासक्रमाची वेगळी. ऑक्सफर्ड, केंब्रिज पॉइंट्समध्ये बोलतच नाहीत, ते ग्रेड मागतात. अनेक विद्यापीठं "एबीबी हवं" असं ग्रेडमध्ये सांगतात. काही "१२० पॉइंट्स हवेत" असं सांगतात. आणि पॉइंट्समध्ये सांगणारी विद्यापीठंही बहुतेकदा सोबत एखादी अट घालतात. अमुक विषय हवा, त्यात इतका ग्रेड हवा, पॉइंट्स तीन ए-लेव्हलमधूनच हवेत, वगैरे. दहावीच्या सुमाराची त्यांची जी जीसीएसई परीक्षा आहे तिला या तक्त्यात पॉइंट्सच नाहीत. तरी इंग्रजी आणि गणितातले तिचे ग्रेड बहुतेक ठिकाणी वेगळे विचारतातच.

आता आमच्या घरातला प्रसंग सांगतो. नातीने परवानगी दिली आहे, फक्त नाव घेऊ नका म्हणाली.

तिचे विषय बायॉलॉजी, केमिस्ट्री आणि गणित. तिकडे निकालाआधीच अर्ज करावा लागतो. त्यामुळे शाळेचे शिक्षक अंदाजाने ग्रेड कळवतात. तिचा अंदाज होता ए, बी, बी. म्हणजे ४८ अधिक ४० अधिक ४०, एकूण १२८. पाच ठिकाणी अर्ज करता येतो, त्यातून दोन चांगल्या ऑफर हाताशी राहिल्या. अर्थात दोन्ही सशर्त. पहिलीचं म्हणणं, ए, बी, बी आण आणि केमिस्ट्रीत बीच्या खाली जाऊ नकोस. दुसरीचं म्हणणं, १२० पॉइंट्स आण.

याशिवाय नातीने एक स्वतंत्र प्रकल्प केला होता. शाळेत असा मोठा प्रकल्प करता येतो, त्याला ए मिळाला तर २४ पॉइंट्स. आणि ती लहानपणापासून पियानो शिकते. आपल्या इथली मुलंही ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या ज्या परीक्षा देतात, तशा परीक्षांच्या सहाव्या, सातव्या आणि आठव्या ग्रेडला टॅरिफमध्ये जागा आहे. आठव्या ग्रेडच्या वादनाला पास झालं तर १८, मेरिटला २४ आणि डिस्टिंक्शनला ३०.

तिच्या मैत्रिणींनी बेरीज करून दिली. १२८ अधिक २४ अधिक २४, झाले १७६. हवेत १२०. म्हणजे ५६ पॉइंट्सची शिल्लक! मग त्या केमिस्ट्रीच्या मागे एवढं कशाला लागायचं? तिने ठरवलं की मार्च-एप्रिलमध्ये शनिवारची केमिस्ट्रीची शिकवणी सोडायची आणि तो वेळ पियानोच्या आठव्या ग्रेडला द्यायचा. तिला पियानो आवडतो, केमिस्ट्री आवडत नाही, आणि आकडेही तिच्याच बाजूने बोलत होते. आईवडिलांचा विरोध, घरात दोन दिवस अबोला. शेवटी मुलीने मला व्हिडिओ कॉल लावला आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही हिशेबातले आहात. तुम्हीच बघा."

मी नातीला एवढंच म्हटलं, "बेरीज बरोबर आहे गं. आता मला ते ऑफरचं पत्र वाचून दाखव. सगळं, खालच्या बारीक ओळींसकट." चाळीस वर्षं मी कर्जाची सँक्शन लेटरं वाचली आहेत. माणूस रक्कम वाचतो आणि अटी दुसऱ्यासाठी सोडून देतो, हे मला पक्कं ठाऊक आहे.

तिने वाचलं. १२० पॉइंट्स, तीन ए-लेव्हलमधून. केमिस्ट्रीत किमान सी.

ती थांबली. मीही काही बोललो नाही. प्रकल्पाचे २४ आणि पियानोचे २४ तक्त्यात होते, पण या खिडकीवर ते वटणार नव्हते. ५६ची शिल्लक उरली ८ची. तीही शिक्षकांचा अंदाज खरा ठरला तर. तिने मग स्वतःच कागदावर मांडून पाहिलं. ए-स्टार, बी आणि डी असे ग्रेड आले तरी ५६ अधिक ४० अधिक २४ म्हणजे १२०च होतात. पण तो डी केमिस्ट्रीत असेल तर ऑफर गेली. ए, बी आणि सी आले तरी १२०च होतात, आणि तो सी केमिस्ट्रीत असेल तरी ऑफर राहते. बेरीज एकच, पण एका मुलीला दार उघडं आणि दुसरीला बंद.

शनिवारची शिकवणी चालू राहिली. मग आणखी एक निर्णय होता. तिकडे हातातल्या ऑफरपैकी एक पक्की म्हणून आणि एक राखीव म्हणून निवडायची असते. पक्कीची अट पुरी झाली नाही तर राखीव कामाला येते. नातीच्या वर्गातल्या काही मुलांनी दोन्ही सारख्याच अटीच्या निवडल्या. मी तिला म्हटलं, "तारण कर्जाइतकंच पक्कं नको, कर्जापेक्षा पक्कं हवं. राखीव ठेवायची ती खालच्या अटीची ठेव." तिने एबीबीवालं विद्यापीठ पक्कं केलं आणि १२०वालं राखीव ठेवलं.

ऑगस्टमध्ये निकाल आला. बायॉलॉजीत ए, गणितात बी, केमिस्ट्रीत सी. ४८ अधिक ४० अधिक ३२. बरोबर १२०, एक वर नाही की एक खाली नाही. पहिलं विद्यापीठ गेलं. त्या दिवशी ती खूप रडली, ते मी लपवत नाही. दुसऱ्या विद्यापीठाने त्याच दिवशी जागा पक्की केली. आज तिचं तिथलं दुसरं वर्ष संपत आलंय आणि लॅबमध्ये केमिस्ट्री तिला आवडू लागली आहे, असं ती सांगते.

आता यातला मला सर्वांत जास्त लागलेला भाग सांगतो. त्या दोन महिन्यांत तिने पियानोला हात लावला नव्हता. आमच्या हिने तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "आजी, त्याचे पॉइंट्स धरत नाहीत ना, मग कशाला?" दहा वर्षं आवडीने वाजवणारी मुलगी! पॉइंट्सचा आकडा दिसला म्हणून पियानो मोलाचा झाला आणि आकडा गेला म्हणून बिनमोलाचा. हे टॅरिफ करणाऱ्यांनी कधी म्हटलेलं नाही. विद्यापीठानेही म्हटलेलं नाही. हे आपण आपल्याच मनात केलेलं रूपांतर आहे. पुढे विद्यापीठात गेल्यावर तिने आठवा ग्रेड दिला. तेव्हा त्याचे पॉइंट्स कोणालाच नको होते. तिची आजी तेव्हाचं रेकॉर्डिंग अजून रोज संध्याकाळी दिवा लावल्यावर ऐकते.

पॉइंट्सवरच सगळं चालवणारा देश पाहायचा असेल तर शेजारचं आयर्लंड पाहा. तिथे लीव्हिंग सर्टिफिकेट नावाची परीक्षा असते. वरच्या पातळीच्या पेपरला ९० ते १०० टक्के मिळाले तर १०० पॉइंट्स, ८० ते ८९ मिळाले तर ८८. उत्तम सहा विषय धरतात. वरच्या पातळीचं गणित ठरावीक ग्रेडने पास झालं तर २५ पॉइंट्स जादा. म्हणजे कमाल ६२५. आता बघा, ८९ आणि ९० यांत एका टक्क्याचा फरक, पण पॉइंट्समध्ये १२चा. ८० आणि ८९ यांत नऊ टक्क्यांचा फरक, पण पॉइंट्समध्ये शून्य. इतकं करूनही एका जागेसाठी दोन मुलांचे पॉइंट्स सारखे आले तर काय? तिथे चक्क सोडत काढतात. आपल्या म्हाडासारखी! अशी सोडत कमी वेळा काढावी लागावी म्हणून २०१७ साली पॉइंट्सचे आकडे मुद्दाम ८८, ७७, ६६ असे केले, म्हणजे बेरजा सारख्या येण्याचे प्रसंग कमी होतात.

आपल्याकडचाही अनुभव काही वेगळा नाही. तुमच्यापैकी काहींना सीबीएसईची दहावीची दहा पॉइंट्सची पद्धत आठवत असेल. सरासरी ग्रेड पॉइंटला ९.५ने गुणलं की टक्के. हे साडेनऊ आले कुठून? आधीच्या काही वर्षांत ९१ ते १०० या गटातल्या मुलांची सरासरी ९५ येत होती, तिला १०ने भागलं की ९.५. हिशेब चुकीचा नाही. पण त्यामुळे सगळ्या विषयांत ९१ मिळवणारा मुलगाही ९५ आणि ९९ मिळवणारी मुलगीही ९५. गव्हाचं पीठ करता येतं, पिठाचे गहू करता येत नाहीत. गिरणीत एकदा दाणे गेले की कोणता दाणा कोणाचा ते कोणी सांगू शकत नाही.

अकरावी प्रवेशाची ती तीन वर्षं तर इथले बरेच पालक विसरले नसतील. एसएससी आणि इतर बोर्डांची मुलं एकाच यादीत कशी आणायची हा प्रश्न होता. २००८ साली सरकारने पर्सेंटाइलचं सूत्र आणलं, ते उच्च न्यायालयात टिकलं नाही. २००९ साली ९०:१० कोटा आणला, तोही टिकला नाही. २०१० साली उत्तम पाच विषयांचा नियम आणला. तो उच्च न्यायालयाने रद्द केला आणि मग सर्वोच्च न्यायालयाने कायम केला. तेव्हा आपल्या सोसायटीतही दोन तट पडले होते. खाली बॅडमिंटन एकत्र खेळणाऱ्या मुलांचे आईबाप लिफ्टमध्ये एकमेकांशी बोलत नव्हते. दोघांचीही मुलं हुशार, दोघंही आपापल्या जागी बरोबर. भांडण लावलं ते मापाने.

आणि मापाच्या मुळाशी असलेला ग्रेडसुद्धा दरवेळी दगडावरची रेघ नसतो. २०२० साली कोविडमुळे इंग्लंडमध्ये ए-लेव्हलच्या परीक्षा झाल्याच नाहीत. शिक्षकांनी दिलेले ग्रेड एका गणिती सूत्राने तपासले गेले. त्या सूत्रात शाळेचे मागचे निकालही धरले होते. १३ ऑगस्टला निकाल लागला आणि शिक्षकांनी दिलेल्या ग्रेडपैकी जवळजवळ ४० टक्के ग्रेड खाली आलेले दिसले. ज्या शाळेचे पूर्वीचे निकाल बेताचे, तिथल्या हुशार मुलाला शाळेच्या इतिहासाचा भुर्दंड. मुलं रस्त्यावर उतरली. चार दिवसांनी, १७ ऑगस्टला, ते सूत्र मागे घेतलं आणि शिक्षकांचे ग्रेड मान्य केले. त्या चार दिवसांत मुलं तीच होती आणि अभ्यासही तोच होता, बदललं होतं फक्त सूत्र.

मग पॉइंट्स वाईट का? मी असं म्हणत नाही. माप नको म्हटलं तर मग ओळख चालते, वशिला चालतो, आणि ज्याचा कोणी नाही तो बाहेर राहतो. माझ्यासारख्या कारकुनाच्या मुलाला बँकेत नोकरी मिळाली ती लेखी परीक्षेच्या मार्कांवर, कोणाच्या चिठ्ठीवर नाही. माप हवंच. फक्त ते कशासाठी आहे हे लक्षात ठेवायला हवं. विनिमय दर दोन नाण्यांमधला व्यवहार जमावा म्हणून असतो. दर पाहून कोणी स्वतःच्या रुपयाची लाज धरत नाही.

आता पालकांसाठी, आणि खास करून ज्यांची मुलं इथून अर्ज करणार आहेत त्यांच्यासाठी, चार व्यवहाराच्या गोष्टी.

पहिली, आपल्या बारावीचे यूकॅसचे पॉइंट्स किती, हा प्रश्नच विचारू नका. त्या तक्त्यात आपल्या बोर्डाची बारावी नाही. विद्यापीठं भारतीय बोर्डांसाठी आपापली टक्केवारी ठरवतात, आणि पुष्कळ ठिकाणी सीबीएसई-आयएससीला एक आकडा आणि राज्य बोर्डांना दुसरा, थोडा वरचा, असं असतं. तो आकडा त्या अभ्यासक्रमाच्या माहितीत भारताखाली लिहिलेला असतो. तिथेच पाहा. बारावीतल्या इंग्रजीच्या मार्कांवर काही विद्यापीठं इंग्रजीची वेगळी परीक्षा माफ करतात, तेही तिथेच कळतं. कोणी एजंट पैसे घेऊन "पॉइंट्समध्ये बदलून देतो" म्हणाला तर त्याला बाहेरच्या बाहेर चहा पाजून परत पाठवा.

दुसरी, ज्यांची मुलं आयबीला आहेत त्यांनी एक गल्लत टाळावी. आयबीचे स्वतःचे पॉइंट्स कमाल ४५. यूकॅसचे पॉइंट्स वेगळे. वरच्या पातळीच्या एका विषयात ७ मिळाले तर यूकॅसच्या तक्त्यात ५६, साध्या पातळीच्या विषयात ७ मिळाले तर २८. विद्यापीठ "३२ पॉइंट्स" म्हणालं तर ते कोणते पॉइंट्स, हे आधी पाहावं.

तिसरी, ऑफरचं पत्र पूर्ण वाचा. मुलाला मोठ्याने वाचायला लावा. आकड्यानंतर जे लिहिलेलं असतं तेच खरं पत्र.

चौथी, मुलाने एखादी गोष्ट पॉइंट्स नसतानाही आवडीने धरली असेल, तबला असो, पोहणं असो, की वॉचमनकाकांच्या मुलीला रविवारी गणित शिकवणं असो, तर ती चालू राहू द्या. "त्याचा उपयोग काय" हा प्रश्न निदान जेवणाच्या ताटावर विचारू नका.

मुलांनो, आज तुमच्या हातात जी प्रशस्तिपत्रं आली, त्यांवर तुमची टक्केवारी छापली आहे. तिचा अभिमान धरा, ती कष्टाची आहे. ज्यांचं नाव आज यादीत आलं नाही तीही मुलं इथे मागच्या रांगेत बसली आहेत, आणि त्यांच्यातली दोघं मघापासून माईकची वायर आणि खुर्च्या सांभाळत आहेत. कमिटीने सत्कारासाठी ८० टक्क्यांची रेघ मारली. कुठेतरी मारावीच लागते. ७९वाल्याने ती मनात मारून घेऊ नये.

सोसायटीला पंचवीस वर्षं झाली. पंचवीस वर्षांपूर्वी इथे आलेल्यांपैकी कितीतरी जणांची मुलं आता जगभर पसरली आहेत, आणि सिंकिंग फंडासारखी थोडीथोडी साठवलेली ही माणसंच आपली खरी शिल्लक आहे. 

एक सूचना राहिली. दर रविवारी सकाळी दहा ते अकरा मी सोसायटीच्या ऑफिसात बसतो. कोणाकडे ऑफरचं पत्र असेल, प्रवेशाचा फॉर्म असेल, शैक्षणिक कर्जाचे कागद असतील, तर घेऊन या. चष्मा मी आणेन. पत्र मात्र तुम्ही मोठ्याने वाचायचं.